गालाच्या आतला पांढरा चट्टा: दुखत नाही, पण जातही नाही

मुलुंडच्या एका ताईंनी विचारलं आहे. वडील ५८ वर्षांचे. तंबाखू-चुना मळून डाव्या गालात धरायची जुनी सवय. त्याच जागी, गाल आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत, पांढरा जाडसर चट्टा दिसतोय. दुखत नाही, चूळ भरून किंवा घासून निघत नाही. मेडिकलमधून आणलेलं जेल आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दोन महिने चालू आहेत. दातांच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलं, तर बाबा म्हणतात, "सुरी लागली की पसरतं. मला काही त्रास नाही, उगाच कशाला?" शिवाय ताईंच्या स्वतःच्या जिभेवर मधूनमधून नकाशासारखे लाल डाग उठतात आणि त्यामुळे त्यांचीही झोप उडाली आहे.

आधी उत्तर, मग कारणं. बाबांची बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, ह्याच आठवड्यात करून घ्या. तुमच्या जिभेचं वर्णन वाचून तरी ते निरुपद्रवी दुखणं वाटतं. एकदा दाखवून खात्री करून घ्या आणि निश्चिंत व्हा.

आता "त्रास नाही" ह्या मुद्द्याकडे येऊ, कारण बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. आपण तोंड आलं म्हणतो ते वेगळं. गालात, ओठाच्या आत किंवा जिभेखाली छोटे गोल फोड, मध्ये पिवळट, कडेला लाल, आणि तिखटाचा घास लागला की डोळ्यांत पाणी. हे जीव खातात, पण आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, आपोआप भरतात. वारंवार येत असतील तर हिमोग्लोबिन, बी-१२ आणि फोलेट तपासावं. पोट, झोप, परीक्षेचा ताण हेही बघावं. काही औषधांनीही तोंड येतं. हृदयासाठी दिलं जाणारं निकोरॅन्डिल आणि संधिवातासाठीचं मेथोट्रेक्सेट ही त्यातली नेहमीची दोन नावं. तेव्हा गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी, पण स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये.

ज्याची मला काळजी वाटते तो चट्टा मात्र बहुतेक वेळा अजिबात दुखत नाही. कर्करोगाच्या आधीची अवस्था सहसा दुखत नाही, आणि खुद्द कर्करोगही सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही. दुखायला लागतं ते रोग खोलवर गेला, मज्जातंतूपर्यंत पोचला किंवा वरून जखम चिघळली की. त्यामुळे ओपीडीत उलटंच चित्र दिसतं. साधे फोड आलेला माणूस दुसऱ्या दिवशी धावत येतो, आणि खरा चट्टा घेऊन फिरणारा वर्षभर गुलकंद आणि सब्जा खात बसतो, कारण घरात सगळ्यांचं एकमत झालेलं असतं की उष्णता झालीय.

बाबांच्या चट्ट्याचं म्हणाल तर, तंबाखूची गोळी जिथे बसते तिथलं अस्तर रोजच्या चुन्याने आणि तंबाखूने भाजून निघतं. शरीर त्यावर उपाय म्हणून वरचा थर जाड करतं. हाताला घट्टा पडतो तसंच. हा जाड थर लाळेने ओला राहिला की पांढरा दिसतो. घासून न जाणारा आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने समजावून सांगता न येणारा पांढरा चट्टा म्हणजे ल्युकोप्लेकिया. हे नाव ऐकूनच लोक हादरतात, म्हणून सांगते: बहुतेक ल्युकोप्लेकिया कधीच कर्करोगात बदलत नाहीत. पण काही बदलतात, आणि कोणता बदलणार हे नुसत्या डोळ्यांनी, कितीही अनुभव असला तरी, मला ठरवता येत नाही. बायोप्सी लागते ती एवढ्यासाठीच.

डोळ्यांना आणि बोटाला जेवढं कळतं तेवढं आम्ही आधी काढून घेतो. तोंडात छोटा आरसा घालून गाल बाजूला ओढायचा, गॉजने जागा कोरडी करायची. ओल्या तोंडात निम्म्या गोष्टी लपतात, लाळ पुसली की चट्ट्याची खरी कड दिसते. मग ग्लोव्ह घातलेलं बोट आत आणि दुसऱ्या हाताचं बोट बाहेरून गालावर, आणि मधला भाग चिमटीत दाबून बघायचा. चट्टा पातळ, सुरकुतलेला, रंगाने एकसारखा आणि खालची जागा मऊ असेल तर जिवाला बरं वाटतं. चट्ट्यात मधेच लाल ठिपके, वर बारीक चामखिळीसारखे उंचवटे, कडेला चीर किंवा व्रण, आणि बोटाखाली पुठ्ठ्यासारखा कडक पट्टा लागला, की तिथल्या तिथे पुढची सोय करायची. माणसाला घरी पाठवून "पंधरा दिवसांनी बघू" म्हणायचं नाही.

जागाही महत्त्वाची. जिभेची कड आणि जिभेखालचा मऊ भाग ह्या तोंडातल्या सर्वांत नाजूक जागा. आपल्याकडे त्यात गाल-हिरडीच्या खोबणीची भर पडते, कारण मळलेली गोळी तिथेच विसावते. जिभेच्या कडेवरचा पांढरा चट्टा तंबाखूला कधी हात न लावलेल्या बाईला झाला असेल तरी तो हलक्यात घेऊ नये. "व्यसन नाही म्हणजे काही नाही" हा समज, विशेषतः साठीच्या पुढच्या बायकांच्या बाबतीत, महागात पडतो.

लाल चट्ट्याबद्दल कमी बोललं जातं, पण त्याची धास्ती पांढऱ्यापेक्षा जास्त घ्यायला हवी. मखमलीसारखा, गडद लाल, कड स्पष्ट दिसणारा आणि नेहमीच्या कुठल्याच कारणाशी न जुळणारा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर तपासणीत त्यात बिघडलेल्या पेशी सापडण्याची शक्यता खूप मोठी असते. ह्याला एरिथ्रोप्लेकिया म्हणतात. पांढरा चट्टा डोळ्यांत भरतो, लाल मात्र आधीच लाल असलेल्या तोंडात मिसळून जातो आणि राहून जातो.

सुपारीची गोष्ट आणखी वेगळी. बाबा तंबाखूबरोबर सुपारी खात असतील, किंवा घरातला कोणी तरुण मुलगा मावा, सुगंधी सुपारी, पान मसाला चघळत असेल, तर चट्टा शोधण्याआधी तोंड किती उघडतं ते बघा. अंगठ्याशेजारची तीन बोटं, ज्याचं तोंड त्याचीच, उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायची. तीन बोटं मावली तर ठीक. दोनच मावत असतील, गालाची आतली बाजू फिकट संगमरवरी दिसत असेल, आणि साध्या आमटीनेही तोंड भाजत असेल, तर ती ओरल सबम्युकस फायब्रोसिसची सुरुवात असू शकते. सुपारीतल्या अरेकोलिन ह्या रसायनाने अस्तराखाली कोलॅजनचे धागे साचत जातात आणि गाल दोरीसारखे ताठ होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखू नसलेल्या सुपारीलाही, मानवात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. "माझी साधी सुपारी आहे, तंबाखू नाही" ह्या वाक्याला मी त्यामुळे मान डोलावत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी टपरीवर पान मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशी जोडी मिळते आणि गिऱ्हाईक दोन्ही तळहातावर एकत्र करतं, हे मुंबईत कुणाला सांगायला नको. ताठ झालेलं तोंड सुपारी सोडल्यावर पूर्ववत होत नाही, पण वाढ थांबू शकते. दातांमध्ये आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून रोज थोडं थोडं उघडायचा व्यायाम देतात, तो कंटाळवाणा असला तरी चुकवू नये.

आता तुमच्या जिभेकडे. लाल, गुळगुळीत डाग, भोवती पांढरट नागमोडी कड, आणि आज डावीकडे असलेला डाग चार दिवसांनी उजवीकडे. ही जागा बदलण्याची खोड लक्षात ठेवा. तिला जिऑग्राफिक टंग म्हणतात, आणि ती कर्करोगात बदलत नाही. झोंबलं तर तिखट-आंबट कमी करा, एवढंच. कर्करोगाचा चट्टा असा फिरत नाही, तो जागेवरच बसून राहतो. मोबाइलवर आज एक आणि आठवड्याने एक फोटो काढा, दोन्ही ठेवून बघा, तुमचं तुम्हालाच कळेल.

आरशात तोंड न्याहाळायला लागल्यावर माणसाला आणखी बऱ्याच गोष्टी दिसतात आणि त्या सगळ्या नव्या वाटतात. गालाच्या आत, दात मिटतात त्या रेषेत, आडवी पांढरी रेघ असते ती दातांच्या दाबाची. ओठांवर आणि गालात रव्यासारखे पिवळे कण असतात त्या तेलग्रंथी. गालाचं अस्तर दुधाळ दिसतं आणि ताणलं की दुधाळपणा जातो, तेही नैसर्गिक. हिरड्यांवरचा काळसर-तपकिरी रंग आपल्याकडे सर्रास असतो. जिभेच्या अगदी मागे मोठे उंचवटे इंग्रजी V च्या आकारात दिसले तर तेही जन्मापासूनचेच आहेत. ह्या सगळ्यांची खूण एकच, बहुतेक दोन्ही बाजूंना सारखे असतात. एकाच बाजूला, एकाच जागी, नव्याने आलेलं काही असेल तर ते दाखवावं. एखादा काळा डाग नवीन असेल किंवा वाढत असेल तर तोही, दुर्मीळ असला तरी.

गॉजने पुसल्यावर निघून जाणारा, सायीसारखा पांढरा थर आणि खाली लाल जागा, असं असेल तर बुरशी असते. कवळी रात्रभर तोंडात ठेवणारे आजी-आजोबा, दम्याचा पंप घेतल्यावर चूळ न भरणारे, अँटिबायोटिक्सचा कोर्स झालेले आणि साखर ताब्यात नसलेले, ह्यांच्यात ती जास्त. औषधाने जाते. कारण सापडत नसेल आणि वारंवार होत असेल तर साखर आणि एचआयव्ही दोन्हींची तपासणी न लाजता करून घ्यावी.

दोन्ही गालांत पांढऱ्या रेघांची जाळी, जणू कुणी बारीक लेस चिकटवलीय, असं दिसलं तर लायकेन प्लॅनस. तो प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होतो, बायकांत जास्त दिसतो, वर्षानुवर्षं कमीजास्त होत राहतो. त्यातही कर्करोगाची थोडी शक्यता असते, म्हणून वरचेवर दाखवत राहावं लागतं. लाल होऊन जळजळ होत असेल तर स्टिरॉइडची मलमं देतात, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आणि हो, दुखऱ्या दाताशेजारी अॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवल्याने किंवा लवंगेचं तेल ओतल्याने जो पांढरा जळका डाग उठतो, तोही लोक घेऊन येतात. "काही लावलं होतं का?" असं विचारलं की आधी नाही म्हणतात.

तुमच्या बाबांच्या जेलबद्दल माझं मत कडक आहे. तोंडात लावायची बरीच जेलं नुसती बधीर करणारी असतात. काहींत स्टिरॉइड असतं, त्याने वरची सूज-लाली उतरते आणि आतलं काम चालू राहतं. चट्ट्याला नाव न देता दोन महिने काहीतरी लावत राहणं म्हणजे दोन महिने वाया. एखादी टोकदार दाढ, ढिली कवळी, फुटलेलं फिलिंग चट्ट्याला घासत असेल तर ते आधी दुरुस्त करायचं, चट्ट्याला दोन आठवडे द्यायचे. कारण काढूनही दोन आठवड्यांत गेला नाही तर तपासणी. ह्याच्यापुढे वाट बघण्याला काही अर्थ उरत नाही.

काही गोष्टींना दोन आठवडेही द्यायचे नसतात. गळ्यात किंवा जबड्याखाली कडक गाठ, कारण नसताना हललेला दात, दाढ काढल्यावर न भरणारी जागा, खालच्या ओठाला बधिरपणा, जीभ बाहेर काढताना एका बाजूला ओढणं, तोंडातून रक्त, गिळताना अडकणं, आणि तोंडात जखम असताना त्याच बाजूचा कान दुखणं. कानाचं दुखणं लोक कानवाल्याकडे नेतात आणि कान तर स्वच्छ निघतो. तेव्हा कुणीतरी जीभ बाहेर काढायला सांगायला हवं.

आता सुरीची भीती. ही अडाणी माणसांचीच भीती नाही, बँकेतले साहेबही कुजबुजत विचारतात. तुकडा काढल्याने तोंडाचा कर्करोग पसरत नाही. मग लोकांना तसं का वाटतं? माणूस येतो उशिरा, तेव्हा रोग आधीच वेगात असतो. तुकडा काढतात, आठवड्याने रिपोर्ट येतो, मग स्कॅन, नंबर, तारखा ह्यात महिना-दीड महिना जातो, आणि तेवढ्यात गाठ वाढलेली दिसते. शेजारच्यांना आठवतं ते एवढंच की "तुकडा काढला आणि वाढलं." वाढणारच होतं ते, तुकडा नसता काढला तरी.

प्रत्यक्षात काय होतं ते बाबांना असंच सांगा. दाढ काढताना देतात तेवढंच भुलीचं इंजेक्शन. चट्ट्याच्या सर्वांत संशयास्पद भागातून, लाल, जाड किंवा चीर पडलेल्या भागातून, मुगाच्या दाण्याएवढा तुकडा. एखाददुसरा टाका. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत पॅथॉलॉजीला जातो. दोन दिवस मऊ भात, गार दूध, आणि त्या बाजूने चावायचं नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायचं, आपणहून बंद करायची नाही. रिपोर्टात "डिस्प्लेसिया" हा शब्द आला तर घाबरू नका. त्याचा अर्थ पेशींची रचना बिघडली आहे, पण कर्करोग झालेला नाही. सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्या असतात. सौम्यात बहुतेक वेळा सवय सोडायला लावून दर तीन-सहा महिन्यांनी बघतात, तीव्र असेल तर चट्टा काढून टाकतात. आणि रिपोर्ट साफ आला, पण चट्टा दिसायला वाईट आहे किंवा वाढतोय, तर पुन्हा तुकडा काढायला सांगणाऱ्या डॉक्टरांवर रागावू नका. एका दाण्यात सगळा चट्टा मावत नाही.

कुठे जायचं? मुंबईत त्यासाठी खूप खर्च करायची गरज नाही. मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे केसपेपर काढताना "ओरल मेडिसिन" विभाग सांगा. मुलुंडहून दोन्ही मध्य आणि पश्चिम रेल्वेवर सोयीचे पडतात, फक्त सकाळी लवकर निघा. थेट परळच्या टाटा मेमोरियल ह्या कर्करोग रुग्णालयात जायलाच हवं असं नाही. रिपोर्टमध्ये कर्करोग आला तर मात्र वेळ न घालवता तिथे, किंवा डोकं-मान शस्त्रक्रियेचा विभाग असलेल्या दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा. आणि वयाच्या तिशीनंतर तोंडाची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमातच आहे, ती जवळच्या पालिका दवाखान्यातही मागता येते.

नुसत्या बघण्याने काय होणार, असं बाबा म्हणतील. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य सेवकांनी घरोघरी जाऊन टॉर्चने तोंडं तपासली. २००५ मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटलेले होते.

आणि सवय सोडण्याचं काम आपल्याच शहरातून सुरू झालेलं आहे. कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे डॉ. येन्स पिंडबोर्ग ह्यांच्या पथकाने १९६० च्या दशकापासून खेड्यापाड्यांत, पुणे जिल्ह्यातही, लाखभर लोकांची तोंडं तपासली. पुढे केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांना सवय सोडायला समजावलं, तेव्हा नव्या पांढऱ्या चट्ट्यांचं प्रमाण घसरलं. गोळी धरायच्या जागेवरचे पातळ चट्टे तंबाखू थांबवल्यावर काही आठवड्यांत फिके होतात, हे आम्ही रोज बघतो. अर्थात तुकडा काढायचं त्याने टळत नाही, दोन्ही एकदमच सुरू करायचं. "गाल बदलतो, उजवीकडे धरतो" ही तडजोड मात्र बाबांना करू देऊ नका, त्याने दोन चट्टे होतात. राष्ट्रीय तंबाखू मुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ वर फोन मोफत आहे.

बाबांशी बोलताना "कॅन्सर" हा शब्द पहिल्या वाक्यात आणू नका. "दाढ दाखवायला चला" म्हणून फसवून नेऊही नका, ते एकदाच चालतं. टॉर्च लावून त्यांचा त्यांना चट्टा दाखवा, फोटो काढा, आणि सांगा की डॉक्टर एक मुगाचा दाणा मागतायत. जाताना तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी बरोबर न्या. रोज किती खातो हे माणूस निम्मंच सांगतो, पुडी बघितली की डॉक्टरांना अंदाज येतो. सगळ्या गोळ्या, साखरेचा शेवटचा रिपोर्ट आणि कवळी असेल तर तीही न्या.

जाता जाता आईलाही विचारा. मिसरी लावते का? आपल्या बऱ्याच आया-मावश्या ती "दात घासायला" म्हणून लावतात आणि तंबाखूत धरतच नाहीत. लावत असेल तर खालच्या ओठाच्या आणि हिरडीच्या मधली जागा तिचीही बघून घ्या, आणि त्याच दिवशी तिचाही केसपेपर काढा.